कोन्तं झाड आहे वं माय हे?



आज मला तुम्हाला एक चित्र दाखवायचं आहे, आणि रेडिओवर तर चित्र दिसत नाही. म्हणून आपण असं करू. ओट्याशी असाल तर चिमूटभर पीठ ताटात पसरा. अंगणात असाल तर एक काडी घ्या, माती आहेच. मी बोलेन तसं तसं बोट फिरवून बघा. नाही जमलं तर पुसून टाका, इथे कोणी मार्क देणार नाही.

पण चित्राआधी आमच्या फजितीची गोष्ट सांगते, कारण तिथूनच मी या चित्रकारापर्यंत पोचले.

सावद्यात मी बचत गटांचं काम बघते. मागच्या वर्षी आमच्या एका गटाला कापडी पिशव्यांचं काम मिळालं. पिशवीवर ‘वारली’ पाहिजे, अशी घेणाऱ्याची अट. मोबाइलवर नमुना आला. मध्ये एक झाड, खाली फेर धरलेली माणसं, कोपऱ्यात झोपडी. आम्ही प्लॅस्टिकच्या पत्र्यात तो कापून साचा केला. गेरूच्या रंगाचं कापड, वर साचा, आणि पांढरा रंग स्पंजानं टिपायचा. दुपारच्या दोन-तीन तासांत एकेकीच्या पंधरा-वीस पिशव्या होत. हातात रोख पैसे येत होते, सगळ्या खूश होत्या.

गटात एक मावशी आहेत. साठीच्या पुढच्या. सगळा जन्म केळीच्या बागांत मजुरीनं गेलेला. त्या पहिल्याच दिवशी साचा उजेडात धरून म्हणाल्या, “कोन्तं झाड आहे वं माय हे? निंब आहे का उंबर?”

मी म्हटलं, “मावशी, झाड आहे नुसतं. वारलीतलं झाड.”

“नुसतं झाड कुठी राहते का वं?”

मला तेव्हा ऑर्डर पूर्ण करायची घाई होती. मी हसून विषय बदलला. खरं सांगायचं तर थोडी चिडलेच होते.

तीन-चार महिन्यांनी काम बंद झालं. घेणाऱ्याला तीच पिशवी, तेच झाड, तीच माणसं, मशीनवर छापून आमच्याहून कमी भावात मिळाली. त्याची काही चूक म्हणता येणार नाही. आम्ही साच्यानं जे करत होतो ते मशीन जास्त भराभर आणि जास्त सारखं करतं. आमच्या हातांचं त्या पिशवीत काहीच नव्हतं, मग हाताचा भाव तरी कोण देणार?

त्यानंतर एका प्रदर्शनात आमच्या शेजारच्या गाळ्यावर डहाणूकडच्या वारली बायका होत्या. गिऱ्हाईक नसलं की त्यातली एक कापड मांडीवर घेऊन काढत बसे. तिच्याकडे साचा नव्हता, पेन्सिल नव्हती. आधी पुसट रेघ ओढून घेणंही नाही. बांबूची एक बारीक काडी आणि वाटीत पांढरा रंग, एवढंच. मी दोन दिवस तिच्या हाताकडे बघत होते. झाडाची पानं ती एकेक करून काढत होती. शेवटी मी मावशींचा प्रश्न तिला विचारला, हे झाड कोणतं? तिनं मान वर न करता सांगितलं, ताड. आणि दुसरं? ते मोह. म्हणजे तिच्याकडे नुसतं झाड नव्हतंच. तिच्याच तोंडून मी जिव्या सोमा मशे यांचं नाव नीट ऐकलं, आणि घरी आल्यावर मिळेल ते वाचत आणि बघत गेले.

जिव्या सोमा मशे १९३४ साली तलासरी भागातल्या धामणगावचे. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. पुढचं सगळं आयुष्य डहाणू तालुक्यात गंजाडच्या कळंबीपाड्यावर गेलं आणि तिथेच मे २०१८ मध्ये ते वारले. लहान असताना, सहा-सात वर्षांचे असतील, आई गेली. त्या धक्क्यानं पोराची वाचाच बसली, असं सांगतात. कित्येक वर्षं ते बोलत नव्हते. काही सांगायचं झालं तर धुळीत बोटानं काढून दाखवायचे. आपण आत्ता ताटातल्या पिठात जे करतोय ना, जवळजवळ तेच.

आता इथे एक गोष्ट आपण बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवली पाहिजे. वारली चित्र मुळात पुरुषांचं नाही. ते लग्नघरातल्या सवाशिणींचं काम. कुडाची भिंत, म्हणजे कारवीच्या काड्या बांधून त्यावर शेणमातीचा लेप, वरून गेरू. त्यावर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी घेऊन सवाशिणी ‘चौक’ लिहितात. चौकात पालघट देवी असते. भरल्या घटातून उगवणाऱ्या हिरवळीची, पिकापाण्याची ही देवी. तिच्याभोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडं. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौक लिहिल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. त्या चौकाखाली कोणाची सही नसते. आपल्याकडे नागपंचमीला भिंतीवर नाग काढतात, दिवाळीला अंगण सारवून रांगोळी घालतात, त्या बाईचं नाव तरी कुठे असतं?

मशे यांनी वेगळं काय केलं, तर लग्नाची वाट बघितली नाही. त्यांना रोज काढावंसं वाटे, म्हणून ते रोज काढत. पुरुषमाणूस बायकांचं काम करतो म्हणून लोक काय म्हणाले असतील, ते आपण समजू शकतो.

सत्तरीच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी त्या भागात गेले. या कुलकर्ण्यांचं आधीचं काम तुम्हाला आवडेल. १९६६-६७ मध्ये बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा मधुबनीच्या बायकांपर्यंत कागद पोचवून, भिंतीवरची चित्रं कागदावर काढा, विकली जातील, असं सांगायला त्यांनाच पाठवलं होतं. तिथे बायकांची नावं पुढे आली. वारल्यांकडे मात्र पुढे आले ते मशे. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती आणि २०११ मध्ये पद्मश्री. त्यांची मुलं सदाशिव आणि बाळू हेही चित्रकार झाले. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, तरीही हे सगळं वाचताना त्या सही न करणाऱ्या सवाशिणी डोळ्यासमोरून हलत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांच्या हातात जे आलं ते त्या बायकांकडून आलं, आणि त्यांनी त्याचं जे केलं ते आधी कोणी केलं नव्हतं.

चला, आता चित्र काढू.

वारली चित्रात आकार तीनच. गोल, त्रिकोण आणि चौकोन. गोल सूर्य-चंद्रावरून आला, त्रिकोण डोंगरांवरून आणि टोकदार झाडांवरून, असं म्हणतात. चौकोन निसर्गात सापडत नाही, तो माणसानं आखला. देवीचा चौक किंवा जमिनीचा तुकडा. माणूस काढायचा तर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर एक गोल डोकं, काडीसारखे हातपाय. नाक, डोळे, तोंड काही नाही. पण ते दोन त्रिकोण कमरेत इतके नाजूक जुळतात की माणूस उभा राहतच नाही, तो वाकतो, वळतो, नाचतो. तुमच्या ताटात काढलेला माणूस सरळ उभा असेल तर वरचा त्रिकोण जरा कलता करा. बघा, चालायला लागला.

आता झाड. शाळेत आपल्याला झाड कसं शिकवलं? दोन उभ्या रेघा, वर ढगासारखा हिरवा गोळा. आंबा असो की चिंच, गोळा तोच. फळं काढायची म्हणून लाल ठिपके. मशे यांच्या चित्रात असा गोळा नाही. खोडातून फांदी, फांदीतून डहाळी, आणि डहाळीच्या दोन्ही अंगांना पानं, एकेक पान म्हणजे काडीची एक बारीक रेघ. शेकडो रेघा. ताड असेल तर लांब सरळ खोड आणि डोक्यावर पंखे, आणि बहुतेक वेळा त्यावर ताडी काढायला चढलेला माणूस. रंग पांढरा एकच आणि मागे मातीचा तपकिरी. हिरवा कुठेच नाही, तरी झाड ओळखू येतं. कारण झाड रंगावरून नाही, फांद्या कशा फुटतात आणि पान कसं बसतं त्यावरून ओळखलं आहे. आपली मावशीसुद्धा अंधारात निंब आणि बाभूळ अशीच ओळखेल.

एक प्रयोग करा. दाराशी जे झाड असेल त्याची एक डहाळी आणा. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? मी हा प्रश्न आमच्या गटात विचारला. निंबाच्या सावलीत जन्म गेला, रोज त्याच्या काडीनं दात घासले, आणि आठ जणींपैकी तिघी चुकल्या. चौथी मी.

दुसरं बघा, झाड किती मोठं आणि माणूस किती लहान. शहरी चित्रात माणूस पुढे मोठा असतो आणि झाड मागे लांब, धूसर, शोभेला. इथे लांब-जवळ असं काही नाहीच. सगळं एकाच भिंतीवर, एकाच मातीवर. झाड, त्यावरचा पक्षी, खालची कोंबडी, मोळी घेऊन जाणारी बाई, सगळ्यांना सारखी जागा, सारखा पांढरा रंग. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. झाडाचा आकार तेवढा खरा ठेवलेला. मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तर आपण तेवढेच दिसतो.

आणि ते झाड रिकामं नसतं. पक्षी, माकडं, खाली गुरं, मुंग्या. मला मशे यांची दोन प्रकारची चित्रं फार आवडतात आणि दोन्हींत झाड मुख्य नाही. एक मासेमारीच्या जाळ्याचं. कोळी एवढासा, आणि त्यानं फेकलेलं जाळं जवळजवळ सगळ्या चित्रभर पसरलेलं. त्या जाळ्याचं प्रत्येक भोक हातानं काढलेलं. आपण विणकाम करणाऱ्यांना कळेल की हे बसून किती तासांचं काम आहे. नुसतं बघितलं तरी वाटतं पाणी हलतंय. दुसरं मुंग्यांचं. शेकडो मुंग्या, सगळ्या चालताहेत, आणि तरी एकही दुसरीसारखी नाही. माणूस, पक्षी, प्राणी, किडामुंगी, सगळं रात्रंदिवस हलत असतं आणि हलणं हेच जिणं, असं त्यांचं म्हणणं होतं. झाडाकडेही ते तसंच बघतात. त्यांच्या झाडाच्या फांद्या वाऱ्यात असल्यासारख्या एका अंगाला जातात. पानं मोजून मापून सारखी बसवलेली नाहीत, म्हणूनच ती सळसळतात. आमच्या साच्यात हेच मेलं होतं. दोनशे पिशव्यांवर दोनशे वेळा तेच पान त्याच जागी.

रिचर्ड लाँग नावाचे एक इंग्लंडचे कलाकार आहेत. ते मैलोन्‌मैल चालतात आणि वाटेत दगडांची रेघ किंवा गोल मांडतात, तीच त्यांची कला. ते मशे यांच्याकडे येऊन गेले आणि २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला दोघांचं एकत्र प्रदर्शन झालं. एकाला वारली भाषा येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी. मला हे वाचून मजा वाटली, की दोघांचं बोलणं रेघ आणि गोल यांवर चाललं असेल.

आपल्या सातपुड्यापलीकडेही, मध्य प्रदेशात, असंच झालं. पाटणगढचे गोंड चित्रकार जनगड सिंह श्याम १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात आले आणि भिंतीवरची त्यांची चित्रं कागदावर उतरली. त्यांच्या मागून जे गोंड चित्रकार आले त्यांच्या झाडांतून हरणाची शिंगं फुटतात, पक्षी फांदी होतात. त्यातल्या दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्या मुळात घरच्या भिंती सारवताना शिकलेल्या. मशे यांचं झाड असं अंगावर येत नाही, ते साधं आहे. मला साधंच बरं वाटतं, पण ज्यांना गोंड चित्रं बघायला मिळतील त्यांनी जरूर बघावीत.

आता थोडं पैशाचं आणि हक्काचं. हे बोलायला जरा अवघड जातं, पण बोललं पाहिजे.

वारली चित्राला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे काय असतं ते आपल्याला दुसरीकडे जाऊन शिकायला नको. आपल्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये तेच मिळालं. म्हणजे काय, तर हे नाव या भागाचं, इथल्या मातीचं आणि इथे पिकवणाऱ्यांचं आहे. उद्या कुठलीही केळी आणून त्यावर कोणी ‘जळगाव केळी’ असा शिक्का मारला तर आपण गप्प बसू का? सावदा स्टेशनावरून वर्षानुवर्षं केळीच्या गाड्या दिल्लीला गेल्या, ते नाव काही फुकट झालेलं नाही. मग सावद्यात बसून आम्ही पिशवीवर ‘अस्सल वारली’ असं छापत होतो, ते काय होतं? मी हा प्रश्न गटाच्या बैठकीत मांडला तेव्हा एक जण चटकन म्हणाली, “ताई, पण सगळेच करतात.” करतात, खरं आहे. चादरीवर, कपावर, बँकेच्या कॅलेंडरवर, हॉटेलच्या भिंतीवर. आणि दुसरी म्हणाली, “मग काय, आपण उपाशी बसायचं?” तिचं घर पिशव्यांच्या पैशावर तीन महिने चाललं होतं. तिला मी काय उत्तर देणार?

बैठक दोन तास चालली. भांडण नाही, पण आवाज चढले. शेवटी ठरलं ते एवढंच. पद्धत शिकायला हरकत नाही, सगळं जग एकमेकांकडून शिकतं. पण लेबलवर ‘वारली’ लिहायचं नाही. आणि झाड आपलं काढायचं. ते काढताना झाडाकडे बघायचं, मोबाइलकडे नाही. यातलं शेवटचं कलम मावशींचं.

आपलं झाड म्हटल्यावर पहिलं नाव अर्थात केळीचं निघालं. आणि गंमत बघा, केळ हे झाडच नाही! शास्त्राच्या हिशेबानं ती एक मोठी वनस्पती, गवतासारखी. आपण ज्याला खोड म्हणतो ती एकात एक गुंडाळलेली सोपटं, पानांचे देठ. खरं खोड जमिनीखाली, कंद. मी हे पुस्तकातून वाचून सांगितलं तर मावशी म्हणाल्या, त्यात काय सांगतेस, विळा मारला की दिसतंच ना, कांद्यासारखे पदर.

काढायला मात्र केळीनं घाम काढला. पहिल्या दिवशी सगळ्यांची केळ छत्रीसारखी आली. खांब आणि वर छत्री. मग आम्ही एका शेतकऱ्याची परवानगी घेऊन बागेत जाऊन बसलो. ज्या बागेत या बायका वर्षानुवर्षं राबल्या तिथे नुसतं बघत बसायला त्यांना लाज वाटत होती. एक तर सवयीनं वाळकी पानं ओढायला उठली. मग हळूहळू दिसायला लागलं. नवं पान सुरळी होऊन सरळ वर येतं, मग उलगडतं, मग वाऱ्यानं फाटत फाटत झिरमिळ्या होतं. जुनं पान खोडाला लागून खाली लोंबतं. म्हणजे एकाच केळीवर जन्मापासून म्हातारपणापर्यंतची पानं एका वेळी असतात. घड वाकतो तो एकाच अंगाला, आणि फण्या वरच्या दिशेनं वळतात. टोकाला केळफूल. त्यावर शिंजीर येतो, तो चिमुकला वाकड्या चोचीचा पक्षी, आणि सांजेला वटवाघळं. बुंध्याशी पील. एक घड दिला की मोठी केळ संपते आणि पील मोठं होतं.

ते पील कसं काढायचं यावर फार चर्चा झाली. एकीनं त्रिकोण काढला, लहान मुलासारखा. दुसरी म्हणाली, नुसती सुरळी काढ, तलवारीसारखी. सुरळीच ठरली. वारलीतले दोन त्रिकोण आम्ही माणसांसाठी तसेच ठेवले आहेत. त्याला दुसरा उपाय मला सुचला नाही, आणि ते मशे यांच्याकडून, त्या सवाशिणींकडून घेतलं आहे हे पिशवीच्या आतल्या चिठ्ठीवर आम्ही लिहितो.

मावशींनी काय काढलं ते सांगते. मे-जूनमध्ये आपल्याकडे वादळ येतं, घडासकट बागा आडव्या होतात. वर्षाचा पैसा एका संध्याकाळी जमिनीवर. मावशींनी आडवी झालेली बाग काढली. सगळ्या केळी एका दिशेनं पडलेल्या, जशा केसांतून फणी फिरवावी तशा. मध्ये एकच पील उभं. आणि कडेला दोन त्रिकोणांच्या बायका, नखाएवढ्या. कोणी तरी म्हटलं, मावशी, बायका मोठ्या काढा ना, दिसत नाहीत. त्या म्हणाल्या, “बाई केयीपरीस मोठी असते का वं?” त्यांनी मशे यांचं एकही चित्र तोपर्यंत बघितलेलं नव्हतं. नंतर मी मोबाइलवर ते जाळ्याचं चित्र दाखवलं, तर बराच वेळ बघून त्यांनी एवढंच विचारलं, “याले किती दिवस लागले असतीन?”

धंद्याचं म्हणाल तर अजून काही खरं नाही. साच्यानं वीस पिशव्या व्हायच्या तिथे हातानं दोन दुपारी मिळून एक होते. भाव तिप्पट ठेवला तरी मजुरी सुटत नाही, आणि तिप्पट भावाला गिऱ्हाईक हात लावून खाली ठेवतं. आतापर्यंत एकतीस पिशव्या विकल्या गेल्या. त्यातल्या नऊ एकाच घरानं लग्नात अहेराला घेतल्या. जिचं घर पिशव्यांवर चाललं होतं ती आता पापडाच्या गटात गेली आहे. ती माझ्याशी बोलते, पण पिशव्यांचा विषय काढत नाही. हे मी लपवून तुम्हाला नुसतं गोड चित्र दाखवलं तर ते बरं होणार नाही.

केळीनंतर निंब झाला, त्याच्या पानांच्या कातरलेल्या कडा काढताना काड्या मोडल्या. बाभूळ झाली, काटे फार छान आले. आता उंबर घ्यायचा आहे, कारण मावशींचा पहिला प्रश्न निंब की उंबर हाच होता. उंबराला फळं फांदीला नाही, सरळ खोडाला लगडतात, ते काडीनं काढायला फार सुंदर दिसेल असं मला वाटतं. पण अडचण वेगळीच आली आहे. आमच्यापैकी प्रत्येकीला एकेक उंबर आठवतो. एकीला माहेरच्या विहिरीवरचा, एकीला शाळेच्या वाटेवरचा, मला आजोळच्या नाल्याकाठचा. आम्ही तीन रविवार फिरलो. विहीर आहे, बांध आहे, नाला आहे, उंबर नाही. एका ठिकाणी बुंधा होता, त्यावर धुणं वाळत घातलं होतं. पोरीबाळी म्हणतात, ताई, गूगलवरून फोटो काढून देऊ का? मावशी नाही म्हणतात.

तेव्हा मैत्रिणींनो, सावदा, फैजपूर, रावेर, यावल, कुठेही असा, तुमच्या बांधावर, देवळामागे, विहिरीजवळ एखादा मोठा उंबर असेल तर तुमच्या गावच्या गटाच्या ताईंकडे निरोप द्या. आम्ही सात-आठ जणी येऊ, एखाद्या दुपारी, दोन-तीन तास. सतरंजी आणि चहा आमचा आम्ही आणू. फळं पिकलेली असतील तेव्हा सांगितलं तर फार बरं, म्हणजे पक्षीही बघायला मिळतील.